अमेरिकेत चाहत्यांच्या आग्रहामुळे विद्यापीठाने बंद केलेला फुटबॉल संघ पुन्हा सुरू झाला आहे का?

होय, बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाने वाढत्या खर्चाचे कारण देऊन डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी फुटबॉलचा संघ बंद केला, तो पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जून २०१५ मध्ये जाहीर केला आणि २०१७ मध्ये संघ मैदानात उतरला. निर्णय सांगायला आलेले अध्यक्ष रे वॉट्स यांना खेळाडूंनी भर बैठकीत धारेवर धरले आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, त्यामुळे श्रेय या संतापालाच दिले जाते. मात्र केवळ घोषणाबाजीने निर्णय फिरला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण माजी विद्यार्थी, शहरातील उद्योजक आणि चाहते यांनी कोट्यवधी डॉलरच्या देणग्यांची हमी दिल्यानंतरच प्रशासनाने माघार घेतली. फुटबॉलबरोबरच बंद केलेले नेमबाजी आणि बोलिंगचे (चेंडू घरंगळवून पिना पाडण्याचा खेळ) संघही, फारसा गाजावाजा न होता, त्याच निर्णयाने वाचले.