विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच ऑफिसात असतील तर कोणतं ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअर घ्यावं?

सदाशिव पेठेतलं सीए ऑफिस, दहा-बारा विंडोज पीसी, दोन मॅक, एक लिनक्स सर्व्हर, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्याला अर्बॅकअप घ्या. सर्व्हर (बॅकअप साठवणारा भाग) लिनक्सवर, क्लायंट (त्याच्याकडे फायली पाठवणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक पीसीवर. विंडोजमध्ये एक्सेलची फाइल उघडी असली तरी शॅडो कॉपीमुळे (विंडोज त्या क्षणाची प्रत धरून ठेवतं) तिचा बॅकअप होतो, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रतही घेता येते. मॅकच्या मात्र फक्त फायली. गुरुवारी वीज गेली तरी चिंता नको, पीसी सुरू झाले की राहिलेला बॅकअप आपोआप घेतला जातो.

क्लायंट टाकायचेच नसतील तर बॅकअपपीसी आहे, पण विंडोजवर शेअरमधून (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरमधून) उघड्या फायली उचलताना ते अडतं. बॅरिओस (२०१० मध्ये बॅक्युला या जुन्या बॅकअप सॉफ्टवेअरमधून फुटलेलं) ताकदवान आहे, चुंबकीय टेपवरही लिहितं, पण कॉन्फिगरेशन सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून नकोच.

आणि हो, सगळा बॅकअप त्याच खोलीत ठेवू नका. महत्त्वाचे फोल्डर रेस्टिक या दुसऱ्या ओपन सोर्स बॅकअप प्रोग्रामने ऑफिसबाहेर पाठवा. ते डेटा एन्क्रिप्ट करूनच (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा) ठेवतं, त्यामुळे पासवर्ड हरवला तर काहीच परत मिळणार नाही. तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. दर महिन्याला एखादी फाइल रिस्टोअर करून उघडून बघा.