दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला जबर दंड आहेच, मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून काय फरक पडणार?

तुमचा रोख असा दिसतो, की कायदा कडक असताना शिकवण्याचा खटाटोप कशाला. साताऱ्यात १९ वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, म्हणून लिहितो.

दंड हवाच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ही भीती नाकाबंदी असते तिथवरच. ३१ डिसेंबरला चौकात तोंड फुंकायला लावणार, हे पोरांना ठाऊक असतं. एरवी फाट्यावरच्या ढाब्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर कोण उभं असतं?

किंमत कोण मोजतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळिशी उलटलेल्या एक ताई स्कूटी शिकायला आल्या. नवरा पहाटे डेअरीला दूध घालायला निघाला होता, रात्रभर पिऊन परतणाऱ्या जीपनं त्याला उडवलं. आता दूध घालायचं काम ताईंवर आलं होतं. पहिल्या दिवशी त्यांची बोटं ब्रेकवरून सुटेनात. समोरून जीप दिसली की गाडी कडेला घेऊन उतरून उभ्या राहायच्या. शिकायला दोन महिने लागले. थोरल्या मुलीचं कॉलेज सुटलं होतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या प्रत्येक तारखेला त्यांचा दिवस मोडायचा. जीपवाल्याचं घरही सुटत नाही. विमा कंपनीनं मयताच्या घरच्यांना भरपाई दिली, तरी चालक प्यायलेला होता हे सिद्ध झालं तर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा तिला मिळू शकते. मग जमीन विकायची वेळ येते. एका रात्रीत दोन घरं बसतात.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू सरकारी नोंदीत ‘अतिवेग’ या रकान्यात आहेत. वेग कशामुळे वाढला होता, हे तो रकाना सांगत नाही.

आता शिकवण्याबद्दल. नुसत्या भाषणानं काही होत नाही, हे मलाही मान्य आहे. मी आधी अपघातांचे फोटो दाखवायचो. पोरं मान फिरवायची आणि आठवड्यात विसरायची. ते बंद केलं.

आता मैदानावर फक्कीनं रेघा मारतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर आणखी ८ मीटर. त्या दुसऱ्या रेघेवर बादली ठेवतो आणि मुलांना तेवढं अंतर चालायला लावतो. दारूनं हा अर्धा सेकंद कसा जातो, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरा हिशेब क्वार्टरचा. १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निपटवतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्यानं अंघोळ, कशानंही त्याचा वेग वाढत नाही. ‘रात्री घेतली होती, सकाळी उतरली’ म्हणणाऱ्यांचे चेहरे इथं बदलतात. पहाटेचा टेम्पो चालवणारी बरीच पोरं माझ्याकडे येतात, त्यांना हे आजवर कोणीच सांगितलेलं नसतं.

आणि सगळ्यात जास्त वेळ मी देतो तो एका प्रश्नावर: घरी कसा जाणार, हे पहिल्या घोटाआधी ठरलंय का? कारण पोटात गेल्यावर पहिल्यांदा अंदाज जातो. ‘मला चढत नाही’ हे माणूस खरंच मनापासून म्हणत असतो. म्हणून मी पिणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला तयार करतो. जोड्या लावून चावी मागायचा सराव घेतो. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर तिथल्या तिथं फोनमध्ये टाकायला लावतो. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, चावी मागायला कोणी सांगत नाही.

मागच्या दिवाळीत रात्री साडेअकराला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, चुलतभावाची चावी काढून घेतलीय. शिव्या घालतोय.” मी म्हटलं, चावी तुझ्या आईकडे दे आणि त्याला तिथंच झोपव. थोडा वेळ थांबून त्यानं विचारलं, “सकाळी किती वाजता देऊ?”

“किती झाली होती?”

“क्वार्टरच्या वर.”

“मग दहाच्या आधी नको.”

“तेवढेच धरले होते मी,” म्हणाला आणि फोन ठेवला.