ज्युनिपरला ‘हपुषा’ म्हणावं का?

लडाखचं प्रवासवर्णन लिहिणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय: ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाला मराठीत काय म्हणायचं? तिला कोशात ‘हपुषा’ सापडला. तोच हेमिस शुक्पाचन गावातल्या जुन्या झाडांना लावू का?

मी म्हणेन, नको. हपुषा हा चरकसंहितेतला शब्द, आणि तो औषधी फळाचा. ते फळ ज्युनिपेरस कम्युनिस या ज्युनिपरच्या जातीचं असं सहसा मानतात. हिंदीत तेच हाऊबेर. गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनचं नाव ‘हपुसा’ आहे ते याच शब्दावरून, कारण जिनचा मूळ वासच ज्युनिपरच्या फळांचा. ही जात युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका अशी तिन्हीकडे आहे. हिमालयात उंचावर ती जमिनीलगत पसरलेलं झुडूप होऊन राहते.

शुक्पाचनची झाडं, म्हणजे तिथल्या लोकांचा ‘शुक्पा’, दुसऱ्या गटातली. फांदी जवळून पाहिली की फरक कळतो. कम्युनिसची पानं सुईसारखी टोचरी, तीन-तीनच्या फेऱ्यात, वरच्या अंगाला पांढरा पट्टा आणि बुडाशी सांधा. शुक्पाच्या मोठ्या झाडाची पानं म्हणजे बारीक खवले, घट्ट वेणी घातल्यासारखे डहाळीला चिकटलेले. पण त्याच्याही रोपाला आधी सुयाच येतात, म्हणून कोवळ्या फांदीवर विसंबू नये. शिवाय हिमालयातल्या स्क्वामाटा या ज्युनिपरच्या जातीला सुया जन्मभर असतात आणि तरी ती खवलेवाल्यांच्याच गटात मोडते: तिच्या पानाला सांधा नसतो, बूड डहाळीवर खाली उतरत जातं, आणि फळात बी एकच. (फळ हा आपला बोलण्याचा शब्द. खरं तर तो पाइनसारखाच शंकू आहे, फक्त खवले मांसल होऊन जुळलेले.)

लॅटिन नावंही जपून घ्यावीत. पश्चिम हिमालयातल्या पॉलिकार्पोस या खवलेवाल्या जातीला जुन्या भारतीय पुस्तकांत मॅक्रोपोडा म्हटलंय, काही ठिकाणी एक्सेल्सा. एक्सेल्सा ग्रीस, तुर्कस्तान, क्रिमियाकडची; पॉलिकार्पोस कॉकेशस आणि इराणवरून आपल्याकडे येते.

तेव्हा या सगळ्या जातींना मिळून सरळ ‘ज्युनिपर’ लिहावं आणि लडाखच्या झाडाला ‘शुक्पा’. गावाच्या नावातच तो शब्द आहे, आणि तिथले लोक ज्याची डहाळी धुपासाठी जाळतात ते हेच झाड. ‘डोंगरी सुरू’ मात्र टाळावं. फारसी ‘सर्व’वरून आलेला आपला सुरू मुळात सायप्रस या झाडाचा, म्हणजे ज्युनिपरच्या भाऊबंदाचा, हे खरं, पण आज सुरू म्हटलं की कोकणच्या किनाऱ्यावरचं कॅज्युअरिनाच डोळ्यांसमोर येतं, आणि ते तर सूचिपर्णीही नाही.