कॅथलिक धर्माकडे नवीन माणसं यावीत यासाठी सगळ्यात चांगला मार्ग कोणता? तरुणांसाठी संगीत, यूट्यूब वगैरेचा उपयोग होईल का?

पत्रकं वाटून आणि मैदानात स्पीकर लावून माणूस कॅथलिक होत नाही. झालाच तर टिकत नाही. तो येतो एखाद्या कॅथलिकाचं वागणं बघून, आणि निघून जातो तेही आपलंच वागणं बघून. या निघून जाण्यावर कुणी बोलत नाही, म्हणून कोल्हापुरातनं हे लिहितोय.

आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत. घर जोतिबाचं, चैत्र यात्रा कधी चुकत नाही. त्यांच्या सासूबाई सीपीआर या सरकारी दवाखान्यात शेवटच्या आजारात होत्या तेव्हा माझी बायको संध्याकाळी डबा घेऊन जायची. म्हातारीचे केस विंचरायची, अंगाखालची गोळा झालेली चादर सरळ करायची आणि मग तिथंच स्टुलावर बसून जपमाळ म्हणायची, मनातल्या मनात. धर्माचा विषय तिनं एकदाही काढला नाही. सासूबाई गेल्यावर वहिनींनीच विचारलं, "वैनी, तुम्ही तिथं बसून काय म्हणत होता?" आणि पुढं एका रविवारी त्या आपणहून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आल्या.

त्या दिवशी जे झालं ते मला आजही सहन होत नाही. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, वेळी सगळे उठले म्हणून त्याही रांगेत उभ्या राहिल्या. बाप्तिस्मा न झालेल्याला ख्रिस्तप्रसाद देत नाहीत हे त्यांना कोण सांगणार? एका स्वयंसेवकानं कोपराला धरून सगळ्यांदेखत त्यांना बाजूला काढलं. छातीवर हात घडी करून पुढं या, फादर आशीर्वाद देतील, एवढं कानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मागच्या बाकावर कुणीतरी मंगळसूत्रावरून कुजबुजलं, तेही त्यांनी ऐकलं. नंतर कितीतरी महिने त्या फिरकल्या नाहीत.

पुन्हा यायला लागल्यावर आमचे दाजी मधे पडले. त्यांचं म्हणणं, लगेच बाप्तिस्मा उरकू, नाव मेरी ठेवू, टिकली-मंगळसूत्र काढायला लावू, म्हणजे लोकांना कळेल. माझं आणि त्यांचं तिथंच वाजलं. चर्चच्या कायद्यात कलम ८५५ आहे. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये, एवढंच ते सांगतं. संताचंच नाव हवं असं त्यात कुठंही नाही. आणि रीतीरिवाजांचं म्हणाल तर रोमनं १६५९ सालीच मिशनऱ्यांना लेखी बजावलंय की जे धर्माच्या आणि नीतीच्या उघड विरोधात नाही ते लोकांना बदलायला लावू नका; फ्रान्स, स्पेन, इटली उचलून चीनमध्ये नेण्याइतका दुसरा खुळेपणा नाही. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूनं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली, सुमारे अकरा हजार ओव्या. त्याला आपली ओवी चालली आणि दाजींना वहिनींची टिकली चालत नाही!

घाईचंही तेच. प्रौढ माणसासाठी दीक्षार्थींचा, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचा, रीतसर मार्ग आहे, १९७२ पासून तो नव्यानं लागू झालाय. आधी चौकशी, मग शिक्षण, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तयारी आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (तेल लावून श्रद्धा पक्की करायचा विधी), ख्रिस्तप्रसाद एकत्र. वहिनी त्या सगळ्यातून गेल्या. नाव तेच आहे, मंगळसूत्र गळ्यात आहे. नवरा जोतिबाला जातो आणि नाताळला करंज्या तळायला तोच बसतो.

तुम्ही तरुणांसाठी संगीत, यूट्यूब वगैरेचंही विचारलंय. करा, चांगलंच आहे. पण आलेल्या पोराशी मिस्सा संपल्यावर दारात कुणी बोलत नसेल तर गिटारीचा उपयोग शून्य. आणि कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वायल्डर चर्च आठवतं. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आला, ती प्रॉटेस्टंट परंपरा. त्यांच्याशी चढाओढ लावून त्यांची माणसं ओढू नका. मला ते नीच काम वाटतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जबरदस्ती, आमिष, आजारपणाचा फायदा घेणं हे चर्चलाच मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, जबरदस्तीला आणि आमिषाला स्पष्ट मनाई केली आहे. देशाच्या कायद्याचं बघाल तर १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आणि येणारा माणूस अनुसूचित जातीचा असेल तर १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्याच्या सवलती जातात. हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगा, बाप्तिस्म्यानंतर नाही. त्याच्या पोरांच्या फीचा, नोकरीचा प्रश्न असतो तो.

राहिला धर्मपिता-धर्ममातेचा, म्हणजे बाप्तिस्म्याला नवीन माणसाच्या सोबत उभं राहणाऱ्याचा, विषय. दाजींना तिथं वजनदार माणूस लागतो. वजनदार माणूस फोटोपुरता येतो. नवीन माणसाला पहिल्या वर्षी शेजारचंच कुणीतरी लागतं. पापनिवेदनाला गेल्यावर सुरुवात कशी करायची, सासरच्या गणपतीत आरतीला उभं राहायचं का, शुक्रवारी मटण केलं असेल तर काय करायचं, हे रात्री नऊ वाजताही विचारता येईल असं. वहिनींची धर्ममाता माझी बायको आहे. दाजींना ते अजून खटकतं, आणि मी अजून त्यांना हेच सांगतो.