एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) टाकला, पण 'एसए'ने (त्यातल्या मुख्य अॅडमिन लॉगिनने) लॉगिन होत नाही, एरर १८४५६ येतो. काढून पुन्हा टाकू का?

नका टाकू. पुन्हा तेच 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबाल आणि पुन्हा १८४५६च बघाल. तुम्ही बदललं नाही तर सेटअप फक्त विंडोज ऑथेंटिकेशन ठेवतो, म्हणजे विंडोजच्या खात्यानेच प्रवेश. त्या मोडमध्ये पासवर्ड कितीही बरोबर असो, एसए आत जाणार नाही.

एवढ्या तावातावाने लिहितोय ते आमच्या भावजींमुळे. बडोद्यात दांडिया बाजारात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि कुठल्याही दुखण्यावर त्यांचं एकच औषध: काढा, परत टाका. मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात बिलिंगसाठी नवा सर्व्हर बसवला होता. मी पोचलो तेव्हा एकदा परत टाकून झालं होतं, एरर तसाच, आणि भावजी पुन्हा अनइन्स्टॉलच्या तयारीत. बिल निघेना म्हणून माल भरलेला टेम्पो गेटवर उभा. शेठ केबिनमधून सारखे, "थयुं के?"

म्हटलं, भावजी, जरा सरका. एसक्यूएल सर्व्हर स्क्रीनवर खरं कारण मुद्दाम सांगत नाही, स्टेट १ (स्टेट म्हणजे कारणाचा नंबर) दाखवून गप्प बसतो. नाव बरोबर आहे की पासवर्ड, हे घुसू पाहणाऱ्याला कळू नये म्हणून. खरं ते इन्स्टन्सच्या (म्हणजे मशीनवर टाकलेल्या त्या सर्व्हरच्या) लॉग फोल्डरमधल्या एररलॉग फाइलमध्ये असतं. नोटपॅडमध्ये उघडली, तळाशीच स्टेट ५८. म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतोय. तुमच्याकडे ८ दिसला तर पासवर्ड चुकतोय, ५ दिसला तर त्या नावाचं लॉगिनच नाही.

मग मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) विंडोज ऑथेंटिकेशनने शिरलो, सर्व्हरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, मिक्स्ड मोड (विंडोजचं आणि एसएसारखं, दोन्ही लॉगिन चालतात). लॉगिन्समध्ये एसएला पासवर्ड देऊन स्टेटसमध्ये एनेबल केलं. सर्व्हिस रीस्टार्ट केली (ही विसरतात आणि 'काहीच फरक नाही' म्हणतात). बिल निघालं, टेम्पो गेला. शेठ मला म्हणाले, "बस, आटलुं ज?" आणि हिशोब केला तो चहापाण्याचा. भावजींना पूर्ण दिवसाचे पैसे, कारण त्यांचा घाम दिसला! अजून सणासुदीला पंगतीत ऐकवतात, "आम्ही परत टाकलं म्हणून तर चाललं."

आता विंडोजनेही शिरता येत नसेल तर गोष्ट वेगळी. २००८च्या आवृत्तीपासून मशीनचा अॅडमिनिस्ट्रेटर आपोआप सर्व्हरचा अॅडमिन होत नाही. इन्स्टॉल करताना ज्याचं खातं जोडलं तोच. अशा वेळी सर्व्हिस सिंगल यूजर मोडमध्ये (एका वेळी एकालाच आत घेणाऱ्या) चालू करून आपलं खातं जोडता येतं. तिथेही पुन्हा टाकायची गरज नाही. आणि एरर २६ किंवा ४० असेल तर पासवर्डशी झुंजू नका, तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत. सर्व्हिस चालू आहे का आणि इन्स्टन्सचं नाव बरोबर लिहिलंय का, ते बघा.

एसए मात्र कायम उघडा ठेवू नका, सॉफ्टवेअरसाठी वेगळं लॉगिन करा. आणि तरीही कोणी 'काढून परत टाकतो' म्हणालाच, तर आधी त्याला बॅकअप कुठे घेतलाय ते विचारा. मी भावजींना विचारलं होतं. म्हणाले, "ते बघू नंतर."