वाचकांचे प्रश्न: आफ्रिकेला मदत द्यायची की करचुकवेगिरी रोखायची?

प्रश्न: ताई, मी अर्थशास्त्र एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात परवा जोरदार वाद झाला. एक मित्र म्हणतो, आफ्रिकेतून दरवर्षी 88.6 अब्ज डॉलर बेकायदा बाहेर जातात आणि मदत म्हणून येतात फक्त 48 अब्ज, म्हणजे जाणारा पैसा अडवला की परदेशी मदतीची गरजच संपली. ऐकायला पटतं पण कुठेतरी खटकतंय. बरोबर आहे का हे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: तुला खटकलं ते योग्यच आहे. आकडे खोटे नाहीत हं, संयुक्त राष्ट्रांची अंक्टाड म्हणून संस्था आहे तिच्या 2020 च्या अहवालातले आहेत, 88.6 अब्ज म्हणजे आफ्रिका खंडाच्या जीडीपीच्या साधारण 3.7 टक्के, आणि 48 अब्ज हा 2013 ते 2015 मधला मदतीचा वर्षाचा सरासरी आकडा. गडबड वजाबाकीत आहे. 88.6 अब्ज हा बाहेर गेलेला पैसा आहे, बुडालेला टॅक्स नाही. तो सगळा देशात राहिला असता तरी सरकारच्या तिजोरीत त्यातला टॅक्सपुरताच हिस्सा आला असता. समजा 30 टक्के दर धरला तर 26-27 अब्ज होतात, आणि तेसुद्धा पै न पै पकडली तर, जे जगात कुठल्याही सरकारला अजून जमलेलं नाही.

शिवाय गळती एका घरात आणि तहान दुसऱ्याच घरात असं बरंच आहे. तेल, सोनं, तांबं जिथून निघतं तिथून पैसा मोठ्या प्रमाणावर गळतो, पण बुरुंडी किंवा मलावीसारखे देश मुख्यतः शेतीवर चालतात, तिथे नायजेरियाने वाचवलेला डॉलर आपोआप थोडाच जाणार आहे?

एवढं सगळं सांगूनही माझं मत विचारशील तर मी टॅक्सच्याच बाजूने आहे. कारण मदतीचा नळ दुसऱ्याच्या हातात असतो. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेत सत्ता बदलली आणि त्याच दिवशी परदेशी मदत 90 दिवस थांबवण्याचा आदेश निघाला, जुलै उजाडेपर्यंत यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत वाटणारी संस्थाच बंद झाली. ज्या क्लिनिकमध्ये एचआयव्हीची गोळी फुकट मिळायची तिथे पेशंट सकाळी गेला तर दाराला कुलूप. ही गोळी रोज घ्यावी लागते, बंद केली की काही आठवड्यांत व्हायरस परत डोकं वर काढतो. त्या माणसाने कुणाला मत दिलं नव्हतं, कुणाला पाडलं नव्हतं, निवडणूक दुसऱ्याच खंडात झाली होती. पण म्हणूनच "आधी टॅक्स सुधारा, मदत बंद करा" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. टॅक्सची यंत्रणा उभी राहायला दहा-पंधरा वर्षं जातात, गोळी आज रात्री लागते.

प्रश्न: हा पैसा नेमका बाहेर जातो कसा? बॅगा भरून नेतात का? सोप्या भाषेत सांगाल का.
— एक वाचक, व्हॉट्सॲपवरून

उत्तर: बॅगाही जातात, सोन्याच्या बाबतीत तर नक्कीच, पण मोठा पैसा बिलातून जातो. झांबियाचं उदाहरण घेऊ कारण तिथे प्रकरण शेवटपर्यंत कोर्टात लढवलं गेलं.

झांबियाच्या कॉपरबेल्ट भागात कित्वे आणि मुफुलिरा इथे मोपानी कॉपर माइन्सच्या खाणी आहेत. तेव्हा तिची मुख्य मालक स्वित्झर्लंडची ग्लेनकोर होती, आणि मोपानी आपलं तांबं ग्लेनकोर ग्रुपच्याच स्विस कंपनीला विकायची. म्हणजे विकणारा आणि घेणारा एकाच घरातले. आता कल्पना करा, तांब्याच्या पत्र्यांनी भरलेला ट्रक खाणीच्या गेटातून बंदराकडे निघालाय, बाजारात टनाला 7000 डॉलर भाव आहे, पण बिलावर 6000 लिहिलंय. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. ट्रक तोच, माल तोच, वजनही तेवढंच, फक्त टनामागे 1000 डॉलरचा नफा झांबियात दिसायच्या ऐवजी जिथे टॅक्स कमी तिथे दिसतो. कस्टमवाल्याने ट्रक उघडून बघितला तरी त्याला काय सापडणार, माल तर बरोबरच आहे, खोट किमतीच्या रकान्यात आहे.

झांबियाच्या रेव्हेन्यू अथॉरिटीने, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याने, 2006 ते 2009 या वर्षांचे हिशेब तपासले आणि म्हटलं की तांबं घरच्या कंपनीला स्वस्तात विकलंय. कंपनीने ते मान्य केलं नाही, केस वरवर जात राहिली आणि मे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रेव्हेन्यू अथॉरिटीच्या बाजूने निकाल दिला. सुमारे 24 कोटी क्वाचा (झांबियाचं चलन) टॅक्स, त्यावेळच्या दराने अंदाजे 1.3 कोटी डॉलर. आणि विचार करा, तांब्याचा भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर रोज जाहीर होतो, तुलना करायला आकडा हाताशी असतो, तरी शेवटच्या वर्षापासून मोजलं तर 11 वर्षं गेली. मग मॅनेजमेंट फी, ब्रँड वापरायची रॉयल्टी, घरच्याच कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज, यांचा तर रोजचा भाव कुठेच छापून येत नाही. ते कसं सिद्ध करायचं? यातलं बरंचसं कायद्याच्या चौकटीत बसवून केलेलं असतं, त्याला टॅक्स टाळणं म्हणतात, चुकवणं नाही. पण दवाखान्यात औषध नसलेल्या बाईला या दोन शब्दांतला फरक सांगून उपयोग नाही.

याच केसमधली अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोपानीची सुरुवातीची तपासणी नॉर्वेच्या मदतीतून झाली होती. आणि याच मोपानीला 2005 मध्ये युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने विकासाच्या नावाखाली कर्ज दिलं होतं, मग टॅक्सचे आरोप बाहेर आल्यावर 2011 मध्ये तिने ग्लेनकोरला नवीन कर्ज देणं थांबवलं. दोन्ही पैसे "विकासासाठी"च होते. एक पैसा खाणीच्या मालकाकडे गेला, दुसरा हिशेब तपासणाऱ्याकडे. मला विचाराल तर मदत द्यायचीच असेल तर दुसऱ्या प्रकारची आधी द्या.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालो आहे. तुमचं सगळं ठीक, पण तिथले पुढारीच खाणारे असतील तर जास्त टॅक्स गोळा करून काय साधणार? तो पण त्यांच्याच खिशात जाणार ना?
— एक निवृत्त वाचक

उत्तर: काका, तुमची शंका खोटी नाही. नायजेरियाचा लष्करशहा सानी अबाचा 1998 मध्ये गेला, पण त्याने लुटलेला पैसा अजून तुकड्या-तुकड्यांनी परत येतोय. स्वित्झर्लंडने परत केलेल्या एकाच हप्त्यात सुमारे 32 कोटी डॉलर होते, आणि ते वर्ल्ड बँकेच्या देखरेखीखाली गरीब कुटुंबांना थेट वाटायचे असं ठरलं. पण तुम्ही बँकेत काम केलंय म्हणून तुम्हालाच विचारते, एवढी रक्कम कुणीतरी जमा करून घेतल्याशिवाय खात्यात पडते का? चोर नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात होता हे खरं, पण पासबुक युरोपात होतं.

आणि टॅक्सचं एक वेगळंच असतं. मदत आली तर पुढारी देणाऱ्याला हिशेब देतो, टॅक्स घेतला तर लोक हिशेब मागतात. जून 2024 मध्ये केनियात काय झालं आठवतंय का, सरकारने नवीन टॅक्स लावणारं फायनान्स बिल आणलं, त्यात सुरुवातीला पावावरसुद्धा व्हॅट होता, तरुण पोरंपोरी रस्त्यावर उतरली, 25 जूनला थेट संसदेत घुसली, गोळीबारात माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही करणार नाही म्हणून सांगितलं. किती मोठी किंमत मोजली त्या मुलांनी, अजून मन विषण्ण होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्याकडून घेताय तर उधळपट्टी का करताय. म्हणून "टॅक्स वाढवा" एवढंच म्हणणं मला धोक्याचं वाटतं, कारण वाढवायला सगळ्यात सोपं काय असतं तर पाव, तेल आणि मोबाइलवरचे पैसे, आणि सगळ्यात अवघड त्या ट्रकचं बिल.

बोट्सवानाकडे बघा. 1966 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत होता, ब्रिटनच्या अनुदानाशिवाय बजेट चालत नव्हतं. पुढे हिरे सापडले, सरकारने डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबर डेब्सवाना कंपनीत निम्मी भागीदारी घेतली आणि हिऱ्याची किंमत काय ते स्वतः ठरवता यावं म्हणून स्वतःची माणसं तयार केली. भावाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही, हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आणि याच बोट्सवानात एड्सची साथ आली तेव्हा 2002 पासून सरकारने फुकट औषधं द्यायला सुरुवात केली तर त्यात परदेशी मदतही होती, ती त्यांनी नाकारली नाही.

प्रश्न: मग श्रीमंत देश नक्की कुणाच्या बाजूने आहेत?
— आणखी एक वाचक

उत्तर: नोव्हेंबर 2023 मध्ये आफ्रिकन देशांनी संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला की जागतिक टॅक्सचे नियम सगळ्या देशांनी मिळून एका करारात ठरवावेत, फक्त श्रीमंतांच्या ओईसीडी क्लबमध्ये नको. 125 मतं बाजूने, 48 विरोधात. विरोधात अमेरिका, ब्रिटन, जपान आणि युरोपियन युनियनचे देश, म्हणजे सगळ्यात जास्त मदत देणारेच. फेब्रुवारी 2025 मध्ये तर अमेरिका त्या वाटाघाटीतून उठूनच गेली. मदत देताना फोटो काढणारी सरकारं बिलाचा नियम बदलायची वेळ आली की मागे का सरतात, हे त्यांना त्यांच्याच मतदारांनी विचारायला हवं. आफ्रिकन देश मात्र थांबलेले नाहीत, केनियाच्या हायकोर्टाने 2019 मध्ये कमी टॅक्सच्या मॉरिशसबरोबरचा टॅक्स करार रद्दबातल ठरवला, सेनेगल आणि झांबियाने तर मॉरिशसबरोबरचे आपापले करार स्वतःहून मोडले.