मेंदूला मेगर लावता येईल का?

प्रश्न : माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलीला (वय 26) दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. रिपोर्टमध्ये 'डिमायलिनेशन' असा शब्द आहे. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतंय. परवा वाचलं की एमआरआयने आता मेंदूतल्या एकेका जोडणीवरचं मायलिन मोजता येतं. आम्ही वायंडिंगचं इन्शुलेशन मेगर या मीटरने तपासतो, तसं हे तपासून मिळेल का? खर्चाचं बघून घेऊ.
— एक वाचक, इचलकरंजी (नाव छापू नये)

उत्तर : खर्चाचं बघू नका, कारण तो करायचाच नाहीये. मुलीच्या औषधोपचाराचा निर्णय ज्याच्यावर घेता येईल असा आकडा या तपासणीतून आज मिळत नाही. ती अजून संशोधनाच्या टेबलावर आहे.

पण तुम्ही मेगरचं नाव काढलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयुष्यातली बावीस वर्षं मी एमआरआयच्या कन्सोलवर काढली आहेत.

मायलिन म्हणजे अळूवडीची गुंडाळी समजा. तंतूभोवती पापुद्र्यावर पापुद्रा, आणि पापुद्र्यांच्या मध्ये बेसनाच्या जागी पाण्याचा पातळ थर. खुद्द पापुद्र्यांचा सिग्नल इतक्या झटकन विझतो की नेहमीच्या एमआरआयला ते दिसतच नाहीत. दिसतं ते मधे अडकलेलं पाणी. त्याचा सिग्नल साधारण 10 ते 40 मिलिसेकंदांत विरतो. तंतूच्या आतलं-बाहेरचं मोकळं पाणी त्याहून बराच वेळ टिकतं. एकूण पाण्यातलं झटपट विरणारं किती, हे काढलं की मायलिनचा अंदाज येतो. व्हँकुव्हरच्या गटाने जिवंत माणसाच्या मेंदूत हे 1994 मध्ये दाखवलं. दुसरी एक रीत पापुद्र्यांकडून पाण्याकडे जाणाऱ्या चुंबकीय देवाणघेवाणीवर चालते, पण तीही अंदाजच देते. दोन्हींत गोची एकच : मेंदूला सूज असेल तर पाणी वाढतं, आणि मायलिन जागेवर असूनही आकडा खाली येतो. तुमच्या मुलीच्या आजारात सूज तर येतेच.

आता 'एकेका जोडणीवरचं'. जोडणी म्हणजे मेंदूच्या दोन भागांना जोडणारा तंतूंचा गट. इथे माझा आवाज जरा चढतो. मेंदूतले तंतू मशीनला दिसत नाहीत. मशीन फक्त पाणी कुठल्या दिशेने सहज सरकतंय ते पाहतं, आणि त्यावरून सॉफ्टवेअर रेषा ओढतं. रंगीत चित्रातल्या त्या सुंदर रेषा म्हणजे तंतू नव्हेत. एमआरआयचं चित्र बारीक ठोकळ्यांचं बनतं, त्यातला एक ठोकळा साधारण 2 मिलिमीटरचा. तंतू मायक्रॉनभर जाडीचा. एका ठोकळ्यात लाखो तंतू, त्यात उभे-आडवे एकमेकांना छेदणारे. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलातच वीस कोटींच्या आसपास तंतू आहेत. मग त्या ठोकळ्याचं मायलिन नेमकं कुठल्या जोडणीच्या खात्यात घालायचं? सोपी रीत म्हणजे रेषेवरच्या ठोकळ्यांची सरासरी. पण वाटेत दुसरा गट आडवा गेला की त्याचंही मायलिन या रेषेच्या नावावर लागतं. म्हणून अलीकडे उलट गणित करतात : सगळ्या रेषांना असे वाटे द्यायचे की ठोकळ्यागणिक बेरीज मोजलेल्या मायलिनशी जुळेल. हुशार युक्ती आहे, मला आवडते. तरी ते वाटप आहे, मोजणी नव्हे. मेगरही सगळ्या वायंडिंगचा एकच आकडा देतो ना? कुठला वेढा जळलाय ते सांगत नाही.

एक सावधगिरी. कोणी 'एफए' नावाचा आकडा दाखवून 'हे बघा मायलिन' म्हणालं तर मान डोलावू नका. तो पाण्याच्या दिशेचा आकडा आहे. 1994 मध्येच गार नावाच्या लांब तोंडाच्या माशाच्या नसांवर तपासलं गेलं : मायलिन नसलेल्या नसेतही पाणी तंतूच्या दिशेनेच जास्त सरकत होतं.

आणि तुमच्या तुलनेला एक दुरुस्ती. तारेवरचं इन्शुलेशन मुख्यतः विजेला बाहेर पडू देत नाही. मायलिन त्याशिवाय कपॅसिटन्सही, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमताही, कमी करतं. त्यामुळे संदेश आवरणामधल्या उघड्या फटींवर उड्या मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत वेग सेकंदाला मीटर-दोन मीटर, जाड मायलिनवाल्या तंतूत शंभराच्या घरात.

मग या मोजमापाचा उपयोग कुणाला? मायलिन परत वाढवू पाहणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत. तिथे रुग्णांच्या गटांची तुलना असते, एकट्या माणसाच्या आकड्यावर काही ठरत नाही. मी स्वतः एकदा प्रयोगासाठी लागोपाठ दोन दिवस त्याच मशीनमध्ये झोपले होते. माझं मायलिन रात्रीत बदललं नव्हतं, आकडा मात्र थोडा बदलला होता.

मुलीसाठी एवढं करा : पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने काढायला सांगा, आणि जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या. नुसता छापील रिपोर्ट नको. नवे डाग किती, जुने वाढलेत का, हे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवूनच दिसतं, आणि डॉक्टर औषध ठरवताना ते बघतात. सीडीला बुरशी धरते, म्हणून आजच पेनड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा.